अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड : दोष त्याचा, अन्याय कोणाचा ?

आमच्याकडील सुशिक्षित वर्गाच्या कित्येक पिढ्या इंग्लंडचा इतिहास मेकॉलेचें बोट धरून शिकल्या. त्या शिक्षणाचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. राजापेक्षां कायदा मोठा, आणि संमतीवांचून घेतलेला कर ही लूट, हे धडे त्याच शाळेंत मिळाले. परंतु गुरूच्या विद्येबरोबर गुरूचे रागलोभहि शिष्याच्या अंगीं नकळत उतरतात. स्टुअर्ट राजांच्या कारकीर्दींतील एखाद्या पुरुषाचें नांव निघालें कीं तो स्वातंत्र्याच्या पक्षाचा कीं राजाच्या पक्षाचा, एवढेंच हे शिष्य विचारतात. आणि तो राजाच्या पक्षाचा ठरला म्हणजे त्याच्या मानेवर कुऱ्हाड कोणत्या वाटेनें आली याची चौकशी करण्याची त्यांस गरज वाटत नाहीं. १२ मे १६४१ रोजीं लंडनच्या टॉवर हिलवर ज्याचा शिरच्छेद झाला तो टॉमस वेंटवर्थ, अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड, हा अशा पुरुषांत अग्रगण्य होय.

दुसरीकडे याच्या अगदीं उलट असा एक पंथ आहे. कडक हाताचा कारभारी दिसला कीं या पंथाचे लोक हात जोडतात. स्ट्रॅफर्डनें आयर्लंडांत शिस्त आणली, वसूल वाढविला, समुद्रावरचे चांचे हटविले. अशा कर्त्या पुरुषाला वाचाळ वकिलांनीं मारिलें, असें त्यांचें म्हणणें. पहिल्या पंथाला स्ट्रॅफर्डचा वध हा न्याय वाटतो, कारण तो जुलमी होता. दुसऱ्या पंथाला तो जुलमी नव्हताच असें वाटतें, कारण त्याचा वध अन्यायाचा होता. दोघांचीहि चूक एकच आहे. माणसाच्या अपराधांची वही निराळी आणि त्याला दिलेल्या शिक्षेची वही निराळी, हें दोघेहि विसरतात. आमचें मत असें कीं, स्ट्रॅफर्ड दोषी होता, आणि तरीहि त्याला ज्या रीतीनें मारण्यांत आलें ती रीत त्याच्या सर्व दोषांहून अधिक घातक होती. हें मत दोन्ही पंथांस कडू लागेल. तरी तें सप्रमाण मांडणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम पहिली वही उघडूं. वेंटवर्थ १५९३ सालीं लंडनमध्यें जन्मला. घराणें यॉर्कशरांतील जुनें आणि जमीनजुमल्याचें. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजांत त्याचें शिक्षण झालें, आणि १६१४ सालीं, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षीं, तो यॉर्कशरच्या वतीनें पार्लमेंटांत बसला. पहिला चार्ल्स गादीवर आला तेव्हां दरबाराला हा गृहस्थ इतका अडचणीचा वाटे कीं, १६२६ च्या पार्लमेंटांत त्याला येतां येऊं नये म्हणून यॉर्कशरच्या शेरीफचें पद त्याच्या गळ्यांत अडकविण्यांत आलें. पुढें राजानें पार्लमेंटच्या संमतीवांचून सक्तीचें कर्ज उगविण्यास आरंभ केला. वेंटवर्थनें तें देण्याचें साफ नाकारलें आणि १६२७ सालीं कैद पत्करली. १६२८ सालीं ‘पिटिशन ऑफ राइट’ या प्रसिद्ध हक्कपत्राकडे कॉमन्स सभेला नेणाऱ्या पुढाऱ्यांत तो होता. संमतीवांचून कर नाहीं, आणि कारण दाखविल्यावांचून कैद नाहीं, हीं त्या पत्रांतील प्रमुख कलमें.

जूनमध्यें राजानें त्या पत्रास मान्यता दिली. जुलैमध्यें वेंटवर्थ सरदार झाला. आणि वर्ष संपण्यापूर्वीं उत्तरेकडील कौन्सिलचें अध्यक्षपद त्याच्याकडे आलें. या पक्षांतराबद्दल त्याला फितूर म्हणण्याची चाल आहे. आम्ही तो शब्द वापरीत नाहीं. राजसत्ता मोडावी असें तो कधींच म्हणाला नव्हता. नालायक सल्लागार जावेत, लायक यावेत, आणि त्यांत आपण असावें, एवढीच त्याची आकांक्षा दिसते. परंतु फितुरीचा आरोप सोडला तरी एक जड दोष उरतोच. कारण न दाखवितां कैद म्हणजे काय, हें त्यानें स्वतः भोगलें होतें. अडाणी जुलमी माणसाला जी सबब सांगतां येते ती वेंटवर्थला सांगतां येत नाहीं.

१६३३ सालीं तो लॉर्ड डेप्युटी म्हणून आयर्लंडांत उतरला. त्याच वर्षीं कँटरबरीचा आर्चबिशप झालेला लॉड हा त्याचा जिवलग. दोघांच्या पत्रव्यवहारांत त्यांच्या धोरणाला ‘थरो’ असें नांव आढळतें. हातीं घेतलेलें काम कोणाचीहि भीड न धरतां शेवटास न्यावयाचें, असा त्याचा भाव. या धोरणाची फळें आम्ही झांकून ठेवीत नाहीं. चांचेगिरीला आळा बसला. सैन्य शिस्तींत आलें. हॉलंडांतून जवसाचें बीं आणवून लिननच्या धंद्याला त्यानें उत्तेजन दिलें. रिकामा खजिना भरला. मात्र इंग्लंडच्या लोकरीच्या व्यापारास बाध येऊं नये म्हणून आयर्लंडांतील लोकरी कापडाचा धंदा त्यानें वाढूं दिला नाहीं, हेंहि त्याच्या स्तुतिपाठकांनीं त्याच पानावर लिहावें.

आतां त्याच वहीचें दुसरें पान पाहूं. १६२८ सालीं आयर्लंडच्या जमीनदारांनीं राजाला १,२०,००० पौंड देऊं केले, आणि त्या बदल्यांत ‘ग्रेसेस’ नांवाच्या सवलतींचें वचन मिळविलें. साठ वर्षांची वहिवाट असलेल्या जमिनीवर सरकारनें हक्क सांगूं नये, ही त्यांतील जिव्हाळ्याची सवलत. तिला कायद्याचें रूप मिळावयाचें राहिलें होतें. वेंटवर्थनें १६३४ सालीं आयरिश पार्लमेंट बोलाविलें, पहिल्या बैठकींत सहा वेळांचा कर एकदम मंजूर करून घेतला, आणि रक्कम पदरांत पडल्यावर दुसऱ्या बैठकींत मुख्य सवलती नाकारल्या. पेढीवर बसणाऱ्या एखाद्या वाण्यानें हें केलें असतें तर त्याला आपण काय म्हटलें असतें, तें वाचकांनींच ठरवावें.

पुढील वर्षीं कॉनॉट प्रांतांतील जमिनी मूळच्या राजाच्याच आहेत असें ज्यूरींकडून वदवून घेण्याचा सपाटा सुरू झाला. रॉसकॉमन, स्लायगो आणि मेयो येथील ज्यूरींनीं मान तुकविली. गॉलवेच्या ज्यूरीनें तुकविली नाहीं. तेव्हां तिच्या प्रत्येक सभासदाला ४,००० पौंड दंड ठोठावण्यांत आला. तेथील शेरीफला दंड व कैद झाली, आणि तो बिचारा कैदेंतच मरण पावला. त्याच सालीं लॉर्ड माउंटनॉरिसचें प्रकरण घडलें. वेंटवर्थच्या दुखऱ्या पायावर माउंटनॉरिसच्या एका नातलगाच्या हातून स्टूल पडलें. त्यावरून माउंटनॉरिस जेवणाच्या पंक्तीला कांहीं खोंचक बोलला. तो सैन्यांत कप्तान आहे या सबबीवर त्या बोलण्याबद्दल त्याला लष्करी कोर्टापुढें उभें करून मरणाची शिक्षा सांगण्यांत आली. शिक्षा अमलांत आणली नाहीं हें खरें. पण आयर्लंडच्या खजिन्यावरील त्याचा अधिकार गेला. पंक्तींतल्या थट्टेला मृत्युदंड, ही ज्यांस शिस्त वाटते त्यांच्याशीं वाद करणें व्यर्थ होय.

वसुलाच्या वाढीचें जें कौतुक होतें त्यांतहि एक मेख आहे. आयर्लंडच्या जकातीचा मक्ता ज्या मंडळींकडे होता त्यांत लॉर्ड डेप्युटी स्वतः भागीदार होता; जकात वाढली कीं राजाबरोबर त्याचीहि पेटी भरे. या बाबतींत व्हेरोनिका वेजवुड या इंग्रज इतिहासलेखिकेचें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे. १९३५ सालीं तिनें लिहिलेलें स्ट्रॅफर्डचें चरित्र सहानुभूतीनें ओथंबलेलें होतें. पुढें वेंटवर्थ घराण्याचें दप्तर संशोधकांस खुलें झालें, तेव्हां तिनें तें चरित्र नव्यानें लिहून १९६१ सालीं प्रसिद्ध केलें, आणि नायकाच्या द्रव्यलोभाविषयीं व कठोरपणाविषयीं अधिक परखड निवाडा दिला. कडक कारभाऱ्यांच्या भक्तांनीं निदान एवढी तरी सचोटी दाखवावी. जुने इंग्रज जमीनदार, मूळचे आयरिश, अल्स्टरमधील स्कॉच वसाहतवाले, हे एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे लोक. त्या सर्वांना या एका पुरुषानें आपले शत्रु करून ठेविलें. त्याच्या मरणानंतर पांच महिन्यांत आयर्लंडांत बंडाचा वणवा पेटला. लावणाऱ्याच्या पाठीमागें जी टिकत नाहीं ती शिस्त नव्हे. तें दडपण होय.

येणेंप्रमाणें पहिल्या वहींतील बाकी स्ट्रॅफर्डच्या अंगावर पुष्कळ निघते, आणि ती आम्ही त्याला माफ करीत नाहीं. आतां दुसरी वही.

स्कॉटलंडवर आपल्या पसंतीची प्रार्थनापोथी लादण्याच्या नादानें चार्ल्सनें तेथें युद्ध ओढवून घेतलें, आणि संकटांत सल्ला देण्यास १६३९ सालीं वेंटवर्थला परत बोलाविलें. १६४० च्या जानेवारींत त्याला अर्ल ऑफ स्ट्रॅफर्ड केलें. युद्ध फसलें, पैसा संपला, आणि ३ नोव्हेंबर १६४० रोजीं नवें पार्लमेंट भरवावें लागलें. आठ दिवसांच्या आंत जॉन पिम यानें कॉमन्स सभेच्या वतीनें स्ट्रॅफर्डवर राजद्रोहाचा महाभियोग ठेविला. २२ मार्च १६४१ रोजीं वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें लॉर्ड्स सभेपुढें चौकशी सुरू झाली. कलमें २८ होतीं.

येथें फिर्यादी पक्षाची अडचण नीट समजून घेतली पाहिजे. राजद्रोह म्हणजे काय, हें इंग्लंडांत १३५२ च्या कायद्यानें ठरलेलें होतें. राजाच्या मरणाचा कट करणें, राजाविरुद्ध युद्ध करणें, राजाच्या शत्रूंस मिळणें, असे ते अपराध. स्ट्रॅफर्डचा गुन्हा तर राजाच्या मर्जीप्रमाणें, किंबहुना मर्जीबाहेर जाऊन राजाची सेवा केल्याचा. तेव्हां पिमनें असा कोटिक्रम लढविला कीं, प्रत्येक कलम सुटें पाहिलें तर राजद्रोह होत नसेल, पण सर्वांची गोळाबेरीज राज्याचे मूलभूत कायदे उलथून पाडण्यांत होते, आणि हाच राजद्रोह. आजारानें वांकलेल्या स्ट्रॅफर्डनें दिवसेंदिवस उभें राहून स्वतःचा बचाव केला. त्याच्या उत्तराचा मथितार्थ असा कीं, जी गोष्ट एकटी असतां राजद्रोह नाहीं, ती घोळक्यांत उभी केल्यानें राजद्रोह कशी व्हावी ? या प्रश्नाला त्या दिवशीं उत्तर मिळालें नाहीं. आम्हांस वाटतें, पुढेंहि मिळालेलें नाहीं.

फिर्यादीचा सर्वांत मोठा पुरावा एका टिपणाचा होता. ५ मे १६४० रोजीं राजाच्या खाजगी सल्लामसलतींत, आयर्लंडांत आपली फौज आहे, ती आणून हें राज्य ताब्यांत ठेवावें, असें स्ट्रॅफर्ड बोलल्याचें सेक्रेटरी सर हेन्री व्हेन यानें टिपून ठेविलें होतें. ‘हें राज्य’ म्हणजे इंग्लंड कीं स्कॉटलंड, हाच मुळांत वाद. हजर असलेल्या दुसऱ्या सल्लागारांस तसे शब्द आठवेनात. राजद्रोहास दोन साक्षीदार पाहिजेत. येथें साक्षीदार एकटा व्हेन. मग त्याच्या मुलानें, धाकट्या हेन्री व्हेननें, बापाच्या कागदांतून ज्या टिपणाची नक्कल करून घेतली होती तिलाच दुसरा साक्षीदार समजावें, असा आग्रह धरण्यांत आला. एकाच माणसाचें तोंड हा एक साक्षीदार आणि त्याच माणसाचें टांचण हा दुसरा, ही गणिताची रीत न्यायमंदिरांत शोभत नाहीं.

खटला सिद्ध होत नाहीं असें दिसूं लागतांच १० एप्रिल रोजीं सर आर्थर हेसलरिग यानें कॉमन्स सभेंत ‘अटेंडर’चें बिल आणलें. अटेंडर म्हणजे कायदा करूनच एका व्यक्तीला अपराधी ठरविणें. त्याला पुरावा लागत नाहीं, व्याख्या लागत नाहीं. फक्त बहुमत लागतें. २१ एप्रिल रोजीं तें २०४ विरुद्ध ५९ मतांनीं कॉमन्स सभेंत पास झालें. ज्यांनीं विरुद्ध मत दिलें त्यांचीं नांवें देशद्रोही म्हणून भर रस्त्यांत चिकटविण्यांत आलीं. लॉर्ड्स सभेपुढें ऑलिव्हर सेंट जॉन या वकिलानें सांगितलें कीं, शिकारीच्या हरणासाठीं नियम असतात, कोल्ह्यालांडग्यांसाठीं नसतात. ते दिसतील तेथें ठेंचावयाचे. आणि खुद्द त्या कायद्यांतच अशी एक तरतूद घातली कीं, न्यायाधीशांनीं राजद्रोहाचा अर्थ यापुढेंहि या कायद्यापूर्वीं जसा करीत तसाच करावा. म्हणजे हा न्याय एका दिवसापुरता आणि एका मानेपुरता ! ज्या न्यायाचें उदाहरण पुन्हां घेण्याची न्याय करणाऱ्यांसच भीति वाटते, त्या न्यायाविषयीं आम्ही आणखी काय लिहावें ?

मेकॉलेनें १८२८ सालच्या आपल्या एका निबंधांत या अटेंडरचें समर्थन केलें आहे, आणि त्याच्या पक्षाचा मुख्य आक्षेप कांहीं क्षुल्लक नाहीं. ते म्हणतात, शत्रु साधा नव्हता. जिवंत राहता तर राजानें उद्यां त्याला सोडविलें असतें, आणि मग पार्लमेंट व स्वातंत्र्य दोन्हीं संपलीं असतीं. ही भीति खरी होती, हें आम्हांस मान्य आहे. मेच्या आरंभीं राजाच्या माणसांनीं टॉवरमध्यें आपले शिपाई घुसविण्याचा प्रयत्न केलाहि. परंतु भीति खरी असली म्हणून उपाय एकच होता असें होत नाहीं. १ मे रोजीं राजानें स्वतः लॉर्ड्स सभेंत येऊन सांगितलें कीं, आपण त्याला राजद्रोही म्हणूं शकत नाहीं, पण यापुढें साध्या कॉन्स्टेबलाच्या जागेवरहि नेमणार नाहीं. अधिकार काढून घेणें, कैद, हद्दपारी हे मार्ग मोकळे होते. राजाच्या शब्दावर विश्वास नव्हता म्हणावें, तर तो शब्द बांधून घेण्याचें सामर्थ्यहि पार्लमेंटांत होतें. कारण आपल्या संमतीवांचून आपलें विसर्जन होऊं नये, असा कायदा त्यानें राजाकडून त्याच मे महिन्यांत लिहून घेतलाच. तात्पर्य, मारणें अवश्य होतें म्हणून मारिलें नाहीं; मारणें सोयीचें होतें म्हणून मारिलें.

आणि राजा ? त्याची कथा सर्वांत लाजिरवाणी. जीव, अब्रू किंवा मालमत्ता यांस धक्का लागूं देणार नाहीं, असें त्यानें २३ एप्रिल रोजीं स्ट्रॅफर्डला लेखी कळविलें होतें. बाहेर लोकांचा जमाव खवळलेला पाहून ४ मे रोजीं स्ट्रॅफर्डनेंच राजाला पत्र लिहून त्या वचनांतून मोकळें केलें. बिशप जक्सन यानें मनोदेवतेविरुद्ध सही करूं नये असें सांगितलें. बिशप विल्यम्स यानें राजाची मनोदेवता एक आणि माणसाची दुसरी, असा सोयीचा शास्त्रार्थ काढून दिला. १० मे रोजीं राजानें मान्यता दिली. दुसऱ्या दिवशीं अकरा वर्षेंहि पुरीं न झालेल्या युवराजाच्या हातीं दयेची याचना लॉर्ड्स सभेकडे पाठविली, आणि तिच्याच ताज्या कलमांत, मरावयाचाच असेल तर शनिवारपर्यंत ठेवणें बरें, असें लिहिलें. ज्याला वांचवावयाचें आहे त्याच्यासाठीं कोणी शनिवारपर्यंतची मुदत मागत नाहीं. जे स्ट्रॅफर्डच्या वधाचा सर्व दोष पार्लमेंटवर टाकून राजाला हळवा हुतात्मा बनवितात, त्यांनीं हें पत्र विसरूं नये. खुद्द चार्ल्स तें विसरला नव्हता. ३० जानेवारी १६४९ रोजीं वधस्तंभावर उभा असतां, एका अन्यायी शिक्षेला आपण होऊं दिलें तिचेंच हें प्रायश्चित्त, असा कबुलीजबाब त्यानें दिला.

प्रायश्चित्त मात्र एकट्या राजाच्या वांट्याला आलें नाहीं. महाभियोग सिद्ध होईना तेव्हां १६४५ सालीं लॉडला पार्लमेंटनें याच युक्तीनें मारिलें. १६४८ च्या डिसेंबरांत सैन्यानें कॉमन्स सभेच्या दारांत शिपाई उभे करून नको असलेले सभासद परतविले. कायद्यापेक्षां सोय मोठी, हा पाठ सैन्यानें सभेपासूनच घेतला होता. आणि शेवट पहा. १६६२ सालीं दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दींत स्ट्रॅफर्डवरील अटेंडर रद्द झालें. त्याच सालीं जूनच्या १४ तारखेस त्याच टॉवर हिलवर टिपणाची नक्कल करणाऱ्या धाकट्या व्हेनचें डोकें उडालें. त्याला जीवदान मिळेल अशी आशा दाखविण्यांत आली होती. परंतु असा माणूस जिवंत ठेवणें धोक्याचें, सभ्यपणें वाटेंतून दूर करतां आला तर करावा, अशा आशयाचें पत्र राजानें आपल्या मंत्र्यास लिहिलें. एकवीस वर्षांपूर्वीं स्ट्रॅफर्डविरुद्ध हाच युक्तिवाद होता. हत्यार तेंच, मूठ तेवढी दुसऱ्या हातांत गेली.

हा प्रश्न परक्यांच्या इतिहासाचा आहे, असें आमच्या वाचकांनीं समजूं नये. १८९७ सालीं पुण्याच्या नातू बंधूंना १८२७ च्या एका मुंबई रेग्युलेशनाखालीं विनाचौकशी अटकेंत ठेवण्यांत आलें. त्याच सालीं टिळकांवरील खटल्यांत न्यायमूर्ति स्ट्रेची यांनीं कायद्यांतील ‘डिसअफेक्शन’ या शब्दाचा अर्थ ‘प्रीतीचा अभाव’ असा ज्यूरीस सांगितला. आणि पुढील वर्षीं सरकारनें तें कलमच रुंद करून घेतलें. सरकारवर प्रेम नसणें हाच राजद्रोह ठरल्यावर कोण सुटणार ? त्या वेळीं महाराष्ट्र योग्यच संतापला. परंतु शब्द ताणून माणूस अडकविण्याची जी कला स्ट्रेचीच्या हातीं निंद्य, ती पिमच्या हातीं वंद्य कशी ? स्वातंत्र्य मिळविल्यावर आपण घटना लिहिली, तेव्हां कृत्याच्या वेळीं अमलांत असलेल्या कायद्याचा भंग झाल्यावांचून कोणासहि अपराधी ठरवूं नये, असें विसाव्या कलमांत घातलें. अमेरिकनांनीं तर १७८७ सालच्या आपल्या घटनेंत अटेंडरचें नांव घेऊनच तें वर्ज्य केलें. हे नियम सज्जनांच्या रक्षणासाठीं केलेले नाहींत. सज्जनाला मारूं नये हें सांगावयास घटना लागत नाहीं. ज्याचा आपणांस मनापासून तिटकारा आहे, ज्याच्या मरणानें आपलें कार्य सुकर होईल, अशा माणसासाठींच ते आहेत.

म्हणून स्ट्रॅफर्डचें चरित्र मुलांस शिकवितांना दोन्ही वह्या त्यांच्यापुढें ठेवाव्या, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. गॉलवेची ज्यूरी आणि माउंटनॉरिस यांची हकीकत गाळूं नये; २८ कलमांची बेरीज आणि लांडग्याचा दृष्टांत हेंहि गाळूं नये. त्या ५९ सभासदांपैकीं कित्येकांस स्ट्रॅफर्डचा कारभार मुळींच प्रिय नव्हता. त्यांत लॉर्ड डिग्बी होता. तो आरंभीं फिर्याद चालविणाऱ्यांतच होता, आणि स्ट्रॅफर्डला धोकादायक मानीत असूनहि, राजद्रोह सिद्ध झाला नाहीं म्हणून त्यानें भर सभेंत त्याच्या मृत्यूस मत देण्याचें नाकारलें. रस्त्यांत ज्यांचीं नांवें चिकटविलीं गेलीं, त्यांचीं नांवें आमच्या पाठ्यपुस्तकांत कधीं येणार ?